सत्तेचाळिसावा उतारा

सरांचं खरं नाव वर्गात फारसं कोणाला माहीत नव्हतं. सगळे त्यांना उतारेसर म्हणत. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीच्या पेपरात एक उतारा देतात आणि त्याखाली पाच प्रश्न असतात. ते कसे सोडवायचे हे शिकवणं, हे सरांचं पंचवीस वर्षांचं काम. वर्गात कोणाला सर्दी झाली किंवा कोणाचं जमलेलं लग्न फिसकटलं, तरी बाकीचे म्हणत, "सरांना विचार, त्यांच्याकडे सगळ्यावर उतारा असतो." हा विनोद सरांच्या कानावर वर्षातून दहादा यायचा. तो ऐकू आल्याचं त्यांनी कधी दाखवलं नाही.

वर्ग म्हणजे बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या दुकानावरची एक लांबट खोली. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. सहा बाकं या बाजूला, सहा त्या बाजूला, मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. फळ्याशेजारी एक तक्ता टांगलेला असे, त्यावर दर सोमवारी दहा नवे इंग्रजी शब्द लिहिले जात. आठवडाभर ते शब्द पाठ करायचे, वाक्यात वापरायचे, आणि शनिवारी त्यांवर चाचणी. वर्गात येणारे बहुतेक जण दिवसा कुठे ना कुठे कामाला असत. कोणी गोदामात, कोणी दवाखान्यात पट्ट्या बांधायला, कोणी पार्सलं पोचवायला. संध्याकाळी सहाला ते थकूनभागून जिना चढत आणि आठपर्यंत पेंगुळलेल्या डोळ्यांनी दुसऱ्याच कोणाच्या भाषेतली वाक्यं उलगडत बसत. एखादी सरकारी नोकरी मिळावी आणि आयुष्य जरा जमिनीला टेकावं, एवढंच त्यांना हवं असे.

सरांचा एक नियम होता. तो ते पहिल्या दिवशी सांगत आणि नंतर जवळजवळ रोज सांगत.

"उताऱ्यात जे आहे तेच उत्तर. तुम्हाला काय माहीत आहे, तुमचं मत काय, तुमच्या काकांनी काय सांगितलं, हे सगळं जिन्याखाली ठेवून वर यायचं. उताऱ्यात लिहिलं असेल की सूर्य हिरवा आहे, तर सूर्य हिरवा. पुढचा प्रश्न."

या नियमावर शेकडो मुलं परीक्षा पास झाली होती. नियम खोटा नव्हता.

सरांची एक पुस्तिका होती. त्यांनीच तयार केलेली, एका लहान छापखान्यातून छापून घेतलेली. त्यात एकशे बारा उतारे. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या बातम्या, लेख, माहिती असं काहीबाही घेऊन, त्याची भाषा सोपी करून सरांनी ते बेतले होते. गेल्या चौदा वर्षांत पुस्तिकेच्या किती प्रती निघाल्या आणि त्यांच्या किती झेरॉक्स निघाल्या, याचा अंदाज त्यांना स्वतःलाही नव्हता. दुसऱ्या क्लासवाल्यांची मुलंसुद्धा ती वापरत.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. वय चोवीस. ती एका चष्म्याच्या दुकानामागच्या कारखान्यात काचा घासायची. गोल काच घ्यायची, चाकावर पाणी सोडायचं आणि गिऱ्हाइकाच्या फ्रेमच्या मापाची कड होईपर्यंत ती काच चाकाला लावून धरायची. दिवसभर पाण्यात राहून तिच्या बोटांची टोकं पांढरी पडलेली आणि सुरकुतलेली असत. वर्गात तिला चष्मेवाली म्हणू लागले. नवीन येणारा आधी तिच्या नाकावर चष्मा शोधायचा, आणि तो नाही म्हटल्यावर गोंधळायचा. तिची नजर अगदी स्वच्छ होती.

ती हुशार होती असं सर म्हणत नसत, कारण ते कोणालाच हुशार म्हणत नसत. पण तिच्या वह्या बघून ते दोनदा थांबले होते. प्रत्येक शब्दापुढे तिने नुसता अर्थ लिहिला नव्हता. तो शब्द कुठे वापरतात, कोणाबद्दल वापरतात, आणि तो कोणाबद्दल वापरला तर त्या माणसाला कसं वाटेल, हेसुद्धा लिहिलं होतं. हे शेवटचं कशासाठी, असं सरांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, "सवय आहे, सर."

ती चाचणीत एकही जागा रिकामी सोडत नसे. येत नसलं तरी दोन पर्याय बाद करून उरलेल्यांतला एक निवडायची, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असायचा.

म्हणून सत्तेचाळिसाव्या उताऱ्याच्या चाचणीत तिचा तिसरा प्रश्न कोरा दिसला तेव्हा सरांना नवल वाटलं. त्यांना वाटलं, नजरचुकीने राहिला असेल. महिन्याभराने त्यांनी जुन्या उताऱ्यांची एक मिश्र चाचणी घेतली. त्यात सत्तेचाळिसावा पुन्हा होता. चार प्रश्न बरोबर. तिसरा पुन्हा कोरा.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर सरांनी तिला थांबवलं.

उतारा साधा होता. कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलरचा स्फोट होतो आणि तीन कामगार मरतात. स्फोटाच्या वेळी बॉयलर सांभाळणारा ऑपरेटर आपल्या जागेवर नसतो. त्याच्या निष्काळजीपणामुळे तिघांचे जीव जातात, त्यात तो स्वतःही. तिसरा प्रश्न होता : उताऱ्यानुसार अपघाताचं कारण काय? अ, यंत्र जुनं होतं. ब, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. क, वीज गेली होती. ड, यांपैकी नाही.

"तिसऱ्याचं उत्तर येत नाही तुला?" सरांनी विचारलं.

"येतं. ब."

"मग लिहिलं का नाहीस? दोन्ही वेळेला?"

ती बाकाच्या कडेवर बोट फिरवत उभी राहिली. काचेची कड तपासतात तसं.

"सर, तो ऑपरेटर म्हणजे माझे वडील."

खाली दुकानवाला शटर ओढत होता.

"उताऱ्यात कारखान्याचं नाव नाही," सर म्हणाले.

"तारीख आहे. तीन माणसं आहेत. रंगवण्याचा कारखाना आहे. आणखी कुठला असणार?" तिने सावकाश सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच सरांना ते ऐकवेना. "मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. बाबा चार दिवस दवाखान्यात होते. भाजल्यामुळे बोलता येत नव्हतं. मग गेले. नंतर आम्ही मामाकडे गेलो, दुसऱ्या गावी. मी तेराची झाल्यावर परत आलो. इथे शेजारी एक दादा होता, तो तुमच्याकडे यायचा. तुमची पुस्तिका तो आमच्या ओट्यावर विसरला. मी चाळत बसले होते. आकडे वाचता येत होते, तारीख वाचता आली. ती तारीख आमच्या घरात कोणी विसरत नाही."

"मग?"

"मग मी शाळेतून डिक्शनरी आणली आणि तो उतारा लावला. एकेक शब्द. तीन दिवस लागले. मी आयुष्यात लावलेला तो पहिला इंग्रजी उतारा, सर. आई काज-बटणाचं काम करत बाजूला बसलेली असायची. रोज विचारायची, लागला का अर्थ? तिसऱ्या दिवशी लागला. मी तिला सांगितलं, यात लिहिलंय की बाबांची चूक होती. त्यांच्यामुळे तिघं गेले."

सरांनी हातातले पेपर बाकावर ठेवले.

"आई फक्त म्हणाली, छापून आलंय म्हणजे खरंच असणार. तेही इंग्रजीत. मला मात्र वाटायचं, माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून तसा अर्थ लागतोय. पक्कं झालं की दुसरा अर्थ निघेल. म्हणून मी इंग्रजीचा पिच्छा पुरवला. शाळेत पुरवला, नंतर कामावरून आल्यावर पुरवला. आता तुमच्या वर्गात येऊन सात महिने झाले. अजून दुसरा अर्थ निघाला नाही."

"परीक्षेत हा उतारा येणार नाही," सर म्हणाले, आणि बोलल्याबरोबर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"माहीत आहे, सर. मला एवढंच विचारायचं होतं. बाबा निष्काळजी होते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पेपरात आलं होतं," सर म्हणाले. ते अगदी खात्रीने म्हणाले. "मी मनाचं काही लिहीत नाही. माझ्याकडे कात्रण असेल."

तिने मान हलवली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी माळ्यावरून कात्रणांचे खोके खाली काढले. सरांची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, धुळीने माखलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि एक ओलं फडकं आणून दिलं. सरांचं सगळं व्यवस्थित होतं. प्रत्येक खोक्यावर वर्ष, प्रत्येक कात्रणाच्या मागे उताऱ्याचा क्रमांक. सत्तेचाळीस नंबर दहा मिनिटांत सापडला.

बातमी लहान होती. स्फोट, तारीख, मृतांची नावं. ऑपरेटर गंभीर भाजला होता आणि नंतर दवाखान्यात मरण पावला. मग एक वाक्य : स्फोटाच्या वेळी ऑपरेटर जागेवर नव्हता असे समजते. आणि शेवटचं वाक्य : कारणाचा तपास चालू आहे.

बस्स. निष्काळजीपणा हा शब्द बातमीत कुठेच नव्हता.

सरांनी बातमी तीनदा वाचली. इतरांना शिकवतात तशी, प्रत्येक वाक्याखाली पेन्सिल धरून. मग त्यांनी बातमीला टाचलेला कागद उलटला. त्यावर त्यांच्याच अक्षरात त्या आठवड्याचे दहा शब्द लिहिलेले होते. त्यांत सारख्या शेवटाचे तीन शब्द होते : एकाचा अर्थ मेहनत, दुसऱ्याचा सावधपणा आणि तिसऱ्याचा निष्काळजीपणा. पहिल्या दोन शब्दांपुढे बरोबरची खूण होती, ते दुसऱ्या उताऱ्यांत वापरून झाले होते. तिसऱ्या शब्दापुढे लिहिलं होतं, सत्तेचाळीस.

सरांना सगळं आठवलं. छापखानेवाला मजकुरासाठी घाई करत होता. प्रत्येक शब्द एखाद्या तरी उताऱ्यात आला पाहिजे, असा त्यांचा स्वतःचाच आग्रह. एक शब्द उरला होता आणि एक उतारा अपुरा होता. "तपास चालू आहे" यावर प्रश्न काढता येत नाही; एकच नेमकं उत्तर निघेल असं वाक्य हवं असतं. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि त्या जागी दुसरं लिहिलं. दोन मिनिटांचं काम. लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर माणूस नव्हता, शब्द होता.

बायको चहा घेऊन आली तेव्हा सर खोक्यांमध्ये जमिनीवर बसलेले होते.

"सापडलं नाही का?" तिने विचारलं.

"सापडलं," सर म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी वर्ग ठेवला नाही. पंचवीस वर्षांत ताप असतानाही त्यांनी वर्ग बुडवला नव्हता. ते सार्वजनिक वाचनालयात गेले आणि त्या वर्षाच्या वर्तमानपत्रांची बांधलेली फाइल मागून घेतली. ग्रंथपालबाईंनी ती जाड फाइल टेबलावर ठेवली आणि पानं जपून उलटा, कडा सुटतात, अशी ताकीद दिली. स्फोटाच्या तारखेपासून सर पुढे एकेक पान बघत गेले. दुपार सरली. साडेतीन महिने पुढच्या एका अंकात, आतल्या पानावर, हवामानाच्या रकान्याखाली त्यांना आठ ओळी दिसल्या.

चौकशी पूर्ण झाली होती. बॉयलरला पाणी पुरवणारा पंप आठ दिवसांपासून बिघडलेला होता. ऑपरेटरने तक्रारवहीत दोन वेळा तशी लेखी नोंद केली होती. दोन्ही नोंदींवर कोणाचीही सही नव्हती. स्फोटाच्या वेळी ऑपरेटर कुठे होता हे कळू शकले नाही. तो स्फोटानंतर आत धावून गेला असावा, असे दोन कामगारांनी सांगितले.

बातमी छापून आली तेव्हा पुस्तिका अजून छापखान्यात गेलेली नव्हती. सर फक्त रविवारच्या अंकातून कात्रणं कापत; हा अंक बुधवारचा होता.

त्यांनी त्या पानाची प्रत काढून घेतली आणि थेट चष्म्याच्या दुकानात गेले. मागच्या बाजूला चार चाकं फिरत होती. चष्मेवाली कोपऱ्यातल्या चाकावर होती. सरांना पाहून ती उठायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "बस. तुझं काम चालू दे."

त्यांनी सगळं सांगितलं. शब्दांची यादी, खोडलेलं वाक्य, वाचनालयातली बातमी. काही लपवलं नाही. चाकाच्या आवाजामुळे त्यांना नेहमीपेक्षा मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि शेजारच्या चाकावरचा म्हातारा कारागीर काच तशीच हातात धरून ऐकत होता. मुलगी मान खाली घालून घासत राहिली. शेवटी तिने पाणी बंद केलं, काच पुसली, उजेडात धरली.

"ही वाया गेली," ती म्हणाली. "जास्त घासली गेली."

"चूक माझी आहे," सर म्हणाले.

"काचेची नाही." हात पुसून तिने कागद घेतला आणि वाचला. तिला डिक्शनरी लागली नाही. कागद परत देताना ती म्हणाली, "म्हणजे माझं इंग्रजी कच्चं नव्हतं."

"नाही."

"घरी तुम्ही या, सर. आईला तुम्ही सांगा. मी तिला एकदा सांगितलंय."

रविवारी सकाळी दहाला सर त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली सदऱ्यांचा ढीग आणि त्याशेजारी आई. तिने सुई सदऱ्यात टोचून ठेवली, खुर्चीवरचे कपडे उचलले आणि सरांना बसायला सांगितलं. मुलगी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"मुलीबद्दल काही आहे का?" आईने विचारलं. "अभ्यासात कमी पडते का?"

"नाही. ती कुठेही कमी पडत नाही. मी माझ्याबद्दल सांगायला आलोय."

वाटेत सरांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. ती एकही कामाला आली नाही. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की पुस्तकात जे छापलं होतं ते त्यांनी छापलं होतं, ते कोणी सांगितलेलं नव्हतं, ते खरंही नव्हतं. मग त्यांनी चौकशीची बातमी एकेक ओळ वाचली आणि प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. तक्रारवहीची ओळ आली तेव्हा आईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"हे पुन्हा वाचा."

सरांनी पुन्हा वाचलं.

"दोन वेळा?"

"दोन वेळा. त्यांच्या हस्ताक्षरात."

"ह्यांना लिहायचा भारी कंटाळा," आई म्हणाली. "माहेरी मी महिना महिना राहायची, पण ह्यांचं कधी दोन ओळींचं पत्र नाही. आणि तिथे दोनदा लिहिलं." ती सदऱ्याच्या ढिगाकडे बघत राहिली. "मला घरी येऊन कधी बोलले नाहीत पंपाचं."

बाहेर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"सर, तुम्हाला सांगते," आईने पुन्हा सुई हातात घेतली, पण टाका घातला नाही. "ही तेराची होती तेव्हापासून मी ह्यांच्याशी भांडत्येय. मनातल्या मनात. सकाळी उठले की सुरू. काय गरज होती जागा सोडायची? आपल्या लेकराचा विचार आला नाही? त्या दोघांच्या बायकामुलांचा विचार आला नाही? अकरा वर्षं झाली. मेलेल्या माणसाला काही बाजू मांडता येते का? मी आपली बोलत सुटलेय, आणि ते गप्प. दवाखान्यात होते तसेच."

"मी तुमची माफी मागायला आलोय," सर म्हणाले. "पण माफीने हे भरून येणार नाही, हे मला कळतं."

"नाही येणार," आई म्हणाली. ती कठोर झाली नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं तिने सांगितलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "कुठे गेले होते ते नाही ना कळलं?"

"नाही. कळू शकलं नाही, असंच लिहिलंय."

"चहाला गेले असतील." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं; ते हसू होतं की नाही हे सांगता आलं नसतं. "दहाच्या सुमाराला ह्यांना चहा लागायचाच. गेले असतील टपरीवर. जाऊ देत. दोन वेळा लिहून दिलं होतं ना. मग माणसाने चहासुद्धा प्यायचा नाही का?"

दारात उभी असलेली मुलगी आत निघून गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

सोमवारी सरांनी वर्गात तक्त्यावर शब्द लिहिले नाहीत. त्यांनी पुस्तिका उघडायला लावली आणि सत्तेचाळिसावा उतारा कसा तयार झाला ते सांगितलं. मुलीचं नाव घेतलं नाही. वर्ग ऐकत होता, पण थोडा वेळच. कोणाला ती एवढी मोठी गोष्ट वाटली नाही. मागच्या बाकावरच्या पार्सलवाल्याने हात वर केला.

"सर, मग तिसऱ्याचं उत्तर काय धरायचं?"

"तो उताराच काढून टाका. पान फाडा."

"पण सर, मागच्या पानावर अठ्ठेचाळिसावा आहे."

दोन-चार जण हसले. सरांनी खडू खाली ठेवला. चष्मेवाली तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. "मग काट मारा," सर म्हणाले. कागदावर पेनं फिरल्याचा आवाज झाला. चष्मेवालीनेही काट मारली. सावकाश, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, पट्टी धरून.

सरांनी छापखान्यात उरलेल्या प्रती उचलून आणल्या. पुस्तकांच्या दुकानांत जाऊन तिथल्याही परत मागितल्या. झेरॉक्सचं काय करायचं हे त्यांना कळेना. ते एका दुकानात चिठ्ठी चिकटवून आले, तर पुढच्या आठवड्यात तिच्यावर दुसऱ्या क्लासची जाहिरात लागलेली होती. वर्गातही बदल झाला. सर आता प्रत्येक उताऱ्याआधी तो कुठून घेतला, त्यात आपण काय बदललं हे सांगू लागले. त्यात वेळ जायचा. काही मुलांना तो फुकट जातोय असं वाटलं; त्यांतले पाच-सहा जण दुसरीकडे गेले. सरांनी त्यांना अडवलं नाही. उताऱ्यात जे आहे तेच उत्तर, हा नियम ते अजून सांगत, कारण परीक्षेत तोच चालतो. पण सांगून झाल्यावर पुढचा प्रश्न असं ते पूर्वीसारखं लगेच म्हणत नसत.

चष्मेवालीने परीक्षा दिली. तिच्या पेपरात समुद्राच्या प्रवाहांवरचा एक उतारा आला होता. पाचही बरोबर आले, असं तिने येऊन सांगितलं. निकाल लागला तेव्हा पहिल्या यादीत ती नव्हती. दुसऱ्या यादीत होती, खालून चौथी. नेमणूक दूरच्या जिल्ह्यात, जमिनीच्या नोंदींच्या कार्यालयात लिपिक म्हणून. आईलाही बरोबर न्यायचं ठरलं. काज-बटणं कुठेही करता येतात, असं आई म्हणाली.

निघण्याच्या दिवशी सर त्यांना भेटायला गेले. सामान बांधून झालं होतं. मुलगी चावी घरमालकाला द्यायला गेली होती, आणि आई एका ट्रंकेवर बसली होती. सरांशी ती आधी इकडचं तिकडचं बोलली. गाडी किती वाजताची, तिकडे थंडी फार असते का. मग अचानक म्हणाली, "सर, एक विचारू?"

"विचारा ना."

"ह्यांच्याबरोबर ते दोघं गेले. त्यांच्या घरी कोणी सांगितलं का?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता.

"त्यांतल्या एकीने मला दारात उभं केलं नाही तेव्हा," आई म्हणाली. "तुझ्या नवऱ्याने माझं घर बुडवलं म्हणाली. म्हणून तर मी भावाकडे गेले. मला तिचा राग नाही. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण ती पण आपली भांडत बसली असेल ना इतकी वर्षं. उगीचच."

"पत्ता माहीत आहे तुम्हाला?"

"एकीचा आहे. दुसरे कुठे गेले ते तुम्हाला शोधावं लागेल."

तिने पत्ता तोंडी सांगितला. सरांनी तो खिशातल्या बातमीच्या प्रतीमागे लिहून घेतला आणि तिला परत वाचून दाखवला. घर नंबर चुकला होता; तिने तो दुरुस्त केला.

पुढच्या रविवारी सर त्या पत्त्यावर गेले. तीन मजले चढून त्यांनी दार वाजवलं. आतून पावलं आली, कडी निघाली, आणि पांढऱ्या केसांची एक बाई दार अर्धंच उघडून त्यांच्याकडे बघत राहिली.

"कोण हवंय?"

"तुम्हीच," सर म्हणाले. "मी इंग्रजी शिकवतो. तुमच्या यजमानांबद्दल आणि त्या बॉयलरवाल्याबद्दल मला थोडं सांगायचं आहे. वेळ असेल तर."

बाईने त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग दार पूर्ण उघडून ती बाजूला झाली.